दुग्धज्वराचा प्रतिबंध विण्यापूर्वीच

अधिक दूध देणाऱ्या संकरित गायींमध्ये, विशेषतः तिसऱ्या वेतापासून पुढे, व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटते. जर्सी रक्ताच्या गायींत हे प्रमाण अधिक आढळते. विकाराचे नाव दुग्धज्वर असले तरी त्यात ज्वर नसतो. उलट कान थंड पडतात, नाकपुडी कोरडी होते, गाय लडखडते आणि अखेरीस मान कुशीकडे वळवून बसून राहते.

गायीच्या संपूर्ण रक्तद्रवात कॅल्शियम असते अवघे ३ ग्रॅमच्या आसपास. एका लिटर चिकातून मात्र २ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते. ही तूट हाडांतील साठ्यातून व आतड्यांतील शोषणातून भरून निघावी लागते. पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व हे कार्य घडवून आणतात. परंतु ही यंत्रणा पूर्ण वेग घेण्यास काही दिवस लागतात.

नेमकी येथेच पशुपालकांची सद्भावना गायीच्या मुळावर येते. गाय विण्यास टेकली की कॅल्शियमची बाटली सुरू केली जाते. आहारातून मुबलक कॅल्शियम मिळत राहिल्यास ग्रंथी सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी हाडांतील साठा मोकळा होत नाही. विण्यापूर्वी कमी कॅल्शियमचा आहार दिल्यास दुग्धज्वर टळतो, हे बोडा व कोल यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते.

यासाठी शेवटच्या तीन आठवड्यांत पंजाब-हरियाणातील बरसीम किंवा महाराष्ट्र-गुजरातमधील लसूणघास शक्य तितकी कमी करून मका, ज्वारीचा कडबा अथवा गव्हाचे काड द्यावे. द्विदल चाऱ्यात कॅल्शियमबरोबर पालाशही भरपूर असते. पालाशामुळे रक्त अल्कधर्मी बनते व संप्रेरकाचा प्रभाव मंदावतो. शेणस्लरीवर जोमाने वाढविलेले नेपियर गवतही या बाबतीत निर्दोष नाही. कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण या काळात थांबवावे. मॅग्नेशियम मात्र कमी पडू देऊ नये.

मोठ्या गोठ्यांत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली याच तीन आठवड्यांत ऋणायनी क्षार देता येतात. त्यांचा परिणाम मूत्राच्या सामूवरून कळतो: होल्स्टिन संकरित गायींत तो सुमारे ६.२ ते ६.८ असावा, जर्सीत थोडा कमी. हे क्षार बेचव असल्याने गाय खुराक टाकते आणि मग लाभाऐवजी हानीच होते. दोन-तीन गायी असलेल्या कुटुंबासाठी चारा बदलणे हाच अधिक व्यवहार्य मार्ग होय. ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन विण्याच्या साधारण आठवडाभर आधी द्यावे लागते. रेतनाची तारीख नोंदलेली नसेल तर तो उपाय अंधारात नेम धरण्यासारखा ठरतो.

गाय व्याल्यावर कॅल्शियम अवश्य द्यावे. उभी असलेल्या व नीट गिळणाऱ्या गायीस तोंडावाटे लगेच एक मात्रा आणि १२ तासांनी दुसरी मात्रा द्यावी. वासराला पोटभर चीक पाजावा, पण पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

बसलेल्या गायीला काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असल्याने औषध फुफ्फुसात उतरते. पोत्यांचा आधार देऊन तिला छातीवर बसते ठेवावे व तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. शिरेतून द्यावयाचे कॅल्शियम अतिशय सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच दिले जाते. काही तासांचा विलंबही मांडीच्या स्नायूंना इजा करतो आणि मग कॅल्शियम पूर्ववत होऊनही गाय उठू शकत नाही.

जी गाय बसत नाही, तिच्याही रक्तातील कॅल्शियम कमी असू शकते. वार अडकणे, कासदाह व किटोसिस यांचे प्रमाण अशा गायींत वाढते. एकदा दुग्धज्वर झालेल्या गायीची नोंद ठेवून पुढील वेतात तिचा चारा सर्वांत आधी बदलावा.