बोटांनी वाचायचे शुभेच्छापत्र

(शुभेच्छापत्र विकत घेणे सोपे आहे. ते स्वतः तयार करताना मात्र कागद, शाई, ठसा आणि साचा यांच्याशी आपली ओळख होते. ठसा उलटा का कोरतात, कागदावर उठाव कसा येतो आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा मित्रासाठी कार्ड कसे तयार करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

ईद आली, दिवाळी आली, मैत्रिणीचा वाढदिवस आला की आपण शुभेच्छा देतो. आज फोनवरून एका क्षणात शंभर जणांना एकच संदेश पाठवता येतो. पण दुसऱ्याच क्षणी तो इतर संदेशांखाली दबून जातो. हाताने केलेले कार्ड एका वेळी एकालाच देता येते. ते करताना आपण त्या एकाच व्यक्तीचा विचार करतो. तिला कोणता रंग आवडतो? ती कोणती भाषा वाचते? तिला अक्षरे दिसतात का? हाताने केलेल्या कार्डाचे खरे मोल या विचारात आहे.

छापील शुभेच्छापत्रांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली. त्यानंतर १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळसाठी एक कार्ड छापून घेतले. जॉन हॉर्स्ली या चित्रकाराने त्याचे चित्र काढले होते. त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या आणि त्यांत हाताने रंग भरले. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली, मुंबई अशा शहरांत ईद कार्डे मिळू लागली. काही व्यापारी युरोपात छापलेली चित्रांची कार्डे मागवत आणि त्यांवर उर्दूत 'ईद मुबारक' असा मजकूर छापून ती विकत.

कागद आणि शाई

चांगल्या कार्डासाठी आधी चांगला कागद हवा. वर्तमानपत्राचा कागद पातळ व ठिसूळ असतो. तो दाबला की फाटतो. कार्डासाठी जाड कार्डशीट किंवा हातकागद घ्यावा. हातकागदातील तंतू लांब असतात. त्यामुळे तो दाब सोसतो.

छत्रपती संभाजीनगरजवळ, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या परिसरात कागजीपुरा नावाचे गाव आहे. हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या काळात कागद करणारे कारागीर इकडे आले, असे सांगितले जाते. त्या कारागिरांना 'कागजी' म्हणत. गावाचे नाव त्यांच्या कामावरूनच पडले.

मुलांनो, या पाठातील काही शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. उर्दूतील 'काग़ज़' मराठीत 'कागद' झाला. 'सियाही'ची 'शाई' झाली. 'दवात' मराठीत 'दौत' झाली, 'मुहर'ची 'मोहोर' झाली आणि 'सिक्का' हा 'शिक्का' झाला. 'लिफाफा' आणि 'कलम' हे शब्द तर जवळजवळ तसेच राहिले. लिहिण्याच्या कामातले किती तरी शब्द या दोन भाषांनी वाटून घेतले आहेत.

ठसा

ठसा म्हणजे एकच आकृती पुन्हा पुन्हा उमटवण्याचे साधन. ही कला फार प्राचीन आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडो, हडप्पा आणि कच्छमधील धोलावीरा येथील लोक मऊ दगडाच्या मोहोरा कोरत. त्या ओल्या मातीवर दाबल्या की बैल, हत्ती अशा प्राण्यांच्या आकृती उमटत. पुढे राजांच्या व पेशव्यांच्या काळात पत्रावर शिक्का मारत आणि मजकूर संपल्यावर 'मोर्तब' हा छोटा शिक्का उमटवत. मोर्तब झाले की त्यापुढे कोणाला काही वाढवता येत नसे. म्हणूनच एखादी गोष्ट पक्की ठरली की 'त्यावर शिक्कामोर्तब झाले' असे आपण आजही म्हणतो.

साधा ठसा बटाट्याचा करता येतो. बटाटा मधोमध कापावा. कापलेला भाग फडक्याने कोरडा करावा. त्यावर पान, फूल किंवा तारा काढावा. आकृतीबाहेरचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल कोरून काढावा. वर राहिलेल्या भागाला स्पंजने रंग लावावा आणि ठसा कागदावर सरळ दाबून सरळ उचलावा. तो हलला तर कडा पुसट होतात. पेन्सिल खोडायच्या मोठ्या रबरावर कोरलेला ठसा अधिक दिवस टिकतो. कोरताना शिक्षक किंवा घरातील मोठी माणसे जवळ असावीत.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. ठशावर जे उजवीकडे असते ते कागदावर डावीकडे उमटते. फुलाच्या आकृतीत हे कळत नाही. अक्षरांत मात्र लगेच कळते. सरळ कोरलेले 'ईद' कागदावर उलटे उमटते आणि ते वाचायला आरसा घ्यावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलने शब्द सरळ लिहावा. तो कागद रबरावर पालथा ठेवून मागून घासावा. रबरावर शब्द उलटा उतरतो. तसाच तो कोरला की कार्डावर सरळ उमटतो. मराठी असो वा उर्दू, नियम एकच.

चंद्रकोर कोरतानाही विचार करावा लागतो. ईदचा चंद्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो. त्याची प्रकाशित, फुगीर बाजू मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली आणि बहुधा उजवीकडे असते. ठसा न विचार करता कोरला तर फुगीर बाजू डावीकडे जाते. मग कार्डावर ईदचा चंद्र उमटत नाही. महिना संपत आला असता पहाटे पूर्वेला दिसणारी क्षीण कोर उमटते.

साचा

एकाच आकाराचे शंभर कागद कातरीने कापायचे तर हात दुखून येतील. अशा कामासाठी कारखान्यात साचा वापरतात. छपाईच्या धंद्यात त्याला 'डाय' म्हणतात. पोलादाची धारदार पट्टी हव्या त्या आकारात वाकवून ती लाकडी फळीत बसवतात. यंत्राने दाब दिला की कागद एका दणक्यात त्या आकारात कापला जातो. मिठाईचे खोके आणि पाकिटे अशीच कापली जातात.

घरी आपण पुठ्ठ्याचा साचा करू शकतो. पुठ्ठ्यावर मिनार, पणती किंवा पान काढून आतला आकार कापून घ्यावा. कापलेला तुकडा टाकू नये आणि उरलेली चौकटही टाकू नये. तुकडा भोवताली रेघ काढायला उपयोगी पडतो. चौकटीचा उपयोग आपण पुढे पाहू.

उठाव

लग्नपत्रिकेवर बोट फिरवून पाहा. काही अक्षरे बोटाला लागतात. दिल्लीच्या चावडी बाजारात आणि मुंबईच्या गिरगावात अशा पत्रिकांची दुकाने आहेत. अक्षरांना उठाव देण्याच्या दोन पद्धती मुख्य आहेत.

पहिल्या पद्धतीत ओल्या शाईवर एक बारीक पूड टाकतात. शाईबाहेरची पूड झटकून काढतात आणि कागदाला उष्णता देतात. पूड वितळते, फुगते आणि अक्षरे वर येतात. हे काम यंत्राचे आहे. घरी मेणबत्तीवर किंवा गॅसवर कागद धरून ते कधीही करू नये. त्याऐवजी जाड गोंदाची रेघ काढून ती वाळू द्यावी. तीही बोटाला चांगली लागते.

दुसऱ्या पद्धतीत उष्णता लागत नाही आणि शाईही लागत नाही. एका साच्यात आकृती खोल असते व दुसऱ्यात तीच वर आलेली असते. दोन्हींच्या मध्ये कागद दाबला की त्यातील तंतू ताणले जातात, वाकतात आणि तसेच राहतात. नाण्यावरील अंकही असेच उठून दिसतात. टांकसाळीतील ठशावर ते खोल कोरलेले असतात, म्हणून नाण्यावर ते वर येतात.

हे आपण खिडकीजवळ बसून करू शकतो. पुठ्ठ्याची चौकट खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावावी. तिच्यावर कार्डाचा कागद, दर्शनी बाजू काचेकडे करून, धरावा. उजेडामुळे आकृती दिसते. संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने किंवा क्रोशाच्या सुईने आकृतीच्या कडेने आतून हळूहळू दाब द्यावा. दोन-तीन वेळा फिरवावे. कागद उलटला की पांढऱ्या कागदावर पांढरी आकृती उठलेली दिसते.

सहा ठिपके

असा उठाव केवळ शोभेसाठी नसतो. काही लोक त्याच्या आधारे वाचतात. लुई ब्रेल यांचा जन्म फ्रान्समध्ये १८०९ साली झाला. त्यांचे वडील घोड्यांसाठी चामड्याचे साज तयार करत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत असता एक टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली आणि त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसमधील अंध मुलांच्या शाळेत आला. तेथे नेहमीची अक्षरे मोठी करून, उठाव देऊन छापलेली पुस्तके होती. ती चाचपून वाचायला फार वेळ लागे आणि मुलांना तशी अक्षरे स्वतः लिहिता येत नसत.

त्या काळी शार्ल बार्बिए यांनी बारा ठिपक्यांची एक पद्धत काढली होती. लुईने ती अभ्यासली आणि बाराचे सहा ठिपके केले. सहा ठिपके बोटाच्या एका टोकाखाली मावतात. १८२९ साली त्याने आपली लिपी प्रसिद्ध केली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. भारतीय भाषांसाठी १९५१ साली 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली.

ब्रेलमध्ये डाव्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६ हे ठिपके असतात. मराठी 'ईद' लिहायचे तर 'ई'साठी ३ व ५ आणि 'द'साठी १, ४ व ५ हे ठिपके उठवायचे. दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर ठेवावे. कागदाखाली जुनी वही ठेवावी आणि बोथट टोकाने दाबावे. भोक पडू देऊ नये, कारण भोक बोटाला ठिपक्यासारखे लागत नाही.

ठिपके कागदाच्या मागून दाबायचे असतात. म्हणून येथेही ठशाचा नियम लागू होतो. लिहिताना उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जायचे आणि १, २, ३ ही ओळ उजवीकडे धरायची. कागद उलटला की मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो. मराठी शाळेतील मुलांना ही दिशा नवी वाटेल. तुम्ही मात्र रोज उर्दू उजवीकडूनच लिहिता. तुमच्या हाताला ती सवयीची आहे.

कार्डाची घडी

शेवटी घडीकडे लक्ष द्यावे. मराठी कार्डाची घडी डावीकडे असते. उर्दू कार्डाची घडी उजवीकडे हवी. चुकीची घडी घातली तर कार्डाचा दर्शनी भाग मागे जातो. ब्रेल मात्र उर्दूतील असली तरी डावीकडून वाचतात. म्हणून तिच्या कार्डाची घडी डावीकडेच ठेवावी. ठिपके दबू नयेत म्हणून पाकिटात एक पुठ्ठा घालावा.

आतापर्यंत ज्याला आलेले कार्ड दुसऱ्या कोणी तरी वाचून दाखवले असेल, असा एखादा मित्र, शेजारी किंवा नातेवाईक तुमच्या ओळखीचा असू शकेल. त्याला ब्रेल येत असेल तर ठिपके उठवा. येत नसेल तर उठावाची चंद्रकोर किंवा पणती द्या. कार्ड त्याच्या हातात ठेवा आणि लगेच काही सांगू नका. त्याच्या बोटांना थोडा वेळ द्या.

शब्दार्थ

उठाव : पृष्ठभागावरून वर आलेला आकार
तंतू : धागे, रेषे
क्षीण : बारीक होत गेलेली
साज : घोड्यावर चढवायचे सामान
बोथट : धार किंवा टोक नसलेले
चाचपणे : बोटांनी स्पर्श करून ओळखणे
टांकसाळ : नाणी पाडण्याचा कारखाना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १८४३ साली शुभेच्छापत्र कोणी छापून घेतले?
(आ) कागजीपुरा हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे?
(इ) छपाईच्या धंद्यात साच्याला काय म्हणतात?
(ई) लुई ब्रेल यांनी आपली लिपी कोणत्या वर्षी प्रसिद्ध केली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागतात.
(आ) उठावासाठी वर्तमानपत्राचा कागद चालत नाही.
(इ) ब्रेल ठिपके दाबताना भोक पडू देऊ नये.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
शिक्कामोर्तब होणे, मनावर ठसा उमटणे, उठून दिसणे.

प्र. ४. पाठात आलेले मराठी व उर्दू या दोन्ही भाषांतील समान शब्द शोधा. त्यांत आणखी पाच शब्दांची भर घाला.

प्र. ५. चार-पाच वाक्यांत लिहा.
फोनवरील संदेश आणि हाताने केलेले कार्ड यांपैकी तुम्हांला काय पाठवायला आवडेल? का?

उपक्रम : वर्गात गट करून उठावाची पाच कार्डे तयार करा. डोळे मिटून, केवळ स्पर्शाने, दुसऱ्या गटाच्या कार्डावरील आकृती ओळखा.