सागरगोटा : कुंपणाला राखणदार, पण हिवतापाला वैद्य नव्हे



सागरगोटा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या करड्या, गुळगुळीत बियांनी आपल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत. संस्कृतात त्याला लताकरंज म्हणतात, हिंदीत कटकरंज, कानडीत गज्जुग आणि तेलुगूत गच्चकाय.

हे आधार धरून चढणारे झुडूप आहे. फांद्यांवर व पानांच्या देठांवर आकडेदार काटे असतात. फुले पिवळी, आणि शेंगही काट्यांनी भरलेली. तिच्यात बहुधा एक किंवा दोन बिया असतात. बीचे कवच इतके कठीण की पाणी आत शिरत नाही. बी समुद्रावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते आणि तेथे रुजते.

कुंपणासाठी

गुरांना अडवायला याच्यासारखे कुंपण नाही. बी तशीच पेरली तर लवकर उगवत नाही. म्हणून तिची एक बाजू दगडावर घासावी व बी रात्रभर पाण्यात भिजवावी. पावसाळ्याच्या आरंभी बांधावर हात-दीड हात अंतराने बिया लावाव्यात. पुढे दरवर्षी छाटणी करावी, नाहीतर वेल शेतात पसरतो.

औषधासाठी

बी भाजून, आतला कडू मगज मिरीबरोबर वाटून तापात देण्याची चाल जुनी आहे. 1868 च्या भारतीय औषधसंहितेतही या बियांचा समावेश होता. त्यामुळे पुष्कळ घरांत हिवतापावर आजही आधी सागरगोट्याची आठवण होते. येथेच सावध राहिले पाहिजे.

हिवतापाचे जंतू डासांतून येतात, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबाद येथे मिळाला. हे जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात. पेशी फुटल्या की हुडहुडी भरते, ताप चढतो, मग घाम येऊन तो आपोआप उतरतो. नेहमीच्या एका प्रकारात ताप एक दिवसाआड येतो. मधल्या दिवशी रोग्याला बरे वाटते. त्याच वेळी चूर्ण दिलेले असले तर श्रेय चूर्णाला मिळते, आणि जंतू मात्र रक्तात वाढतच राहतात. दुसऱ्या एका प्रकारात ते मेंदूपर्यंत घात करतात. अशा वेळी एक दिवसाचा उशीरही जीवावर बेतू शकतो.

म्हणून ध्यानात ठेवा :

1. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

2. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्या. काही जंतू यकृतात दडून राहतात व कित्येक महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.

3. बाळगुटीत सागरगोटा उगाळण्याची रीत आहे. परंतु पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, गुटी नको.

4. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हे चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

येत्या पावसाळ्यात बांधावर सागरगोटा अवश्य लावा. त्याचबरोबर घराभोवतीची डबकी बुजवा. गुरांना काटे अडवतील. डासांना अडवणे आपल्या हाती आहे.