पोर घोरतेय? तोंड किती उघडतं तेही बघा



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब आटोपल्यावर एक ताई म्हणाल्या, "माझी पोर आठ वर्षांची, पण म्हाताऱ्यासारखी घोरते. तोंडही उघडत नाही, भाकरी कुस्करून द्यावी लागते." सगळ्या हसल्या. मी विचारलं, "लहानपणी पडली होती का?" "हो, ओट्यावरून. हनुवटीला टाके पडले होते." मग कुणी हसलं नाही.

आता कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. हलतंय ना? तोच जबड्याचा सांधा. मूल हनुवटीवर आपटलं की मार तिथपर्यंत पोचतो. कधीकधी पुढे सांध्याची हाडं एकमेकांना जुळून जातात. मग तोंड उघडत नाही, खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते.

जीभ खालच्या जबड्याला जोडलेली असते. जबडा मागे, तर जीभही मागे, आणि घशातली श्वासाची वाट अरुंद. झोपेत स्नायू सैल पडले की ही वाट आणखी दबते. म्हणून पोर घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते आणि दिवसा पेंगते. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे.

यावर शस्त्रक्रिया आहे. जुळलेलं हाड काढून सांधा मोकळा करतात. लहान मुलांत त्या जागी बऱ्याचदा बरगडीचा तुकडा बसवतात, मोठ्या माणसांत कृत्रिम सांधाही बसवता येतो. पण नुसतं तोंड उघडलं म्हणजे श्वास सुधारला असं नाही. त्यासाठी जबडा पुढे आणावा लागतो. काही वेळा हाडाला यंत्र लावून तो रोज साधारण १ मिलिमीटर सरकवतात. जबड्यासोबत जीभ पुढे येते आणि श्वासाची वाट रुंद होते.

उलट, पुढे आलेला जबडा मागे घेण्याच्या शस्त्रक्रियेत ही वाट थोडी अरुंद होऊ शकते. म्हणून जबड्याची कुठलीही शस्त्रक्रिया असो, घोरण्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. भूल देतानाही त्यांना हे माहीत असावं लागतं.

घरी एवढं करा:
१. मुलाला स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर दाखवून घ्या.
२. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीचं पथक आलं की घोरण्याचंही सांगा.
३. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.
४. शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, कित्येक महिने करावा लागतो. पोर रडते म्हणून सोडला, तर सांधा पुन्हा जुळू शकतो.

त्या ताईंना गटाने गाडीभाड्यासाठी अंतर्गत कर्ज दिलंय. पुढच्या आठवड्यात त्या लेकीला दाखवायला नेणार आहेत. तुमच्या गटात असं कुणाचं मूल आहे का? येत्या बैठकीत नक्की विचारा.