प्रौढ शिक्षण : शेतासाठी, घरासाठी व गावासाठी

शिकण्याचे वय लहानपणीच संपते, अशी समजूत पुष्कळ गावांत अद्याप रूढ आहे. वस्तुतः पन्नाशी उलटलेला शेतकरीही नवे वाण पेरून पाहतो, ठिबकच्या नळ्या जोडावयास शिकतो, बाजारभावाचा अंदाज बांधतो. प्रौढाला शिकता येत नाही असे नाही. शिकविलेल्या गोष्टीचा उपयोग त्याला दिसत नाही, म्हणून तो वर्ग सोडतो. यासाठी प्रौढ वर्गाचा पहिला नियम असा असावा की, आज शिकलेली गोष्ट उद्या शेतात, घरात किंवा गावात कामी आली पाहिजे.

शेतातील उपयोग

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरावयाचे आहे, असे समजा. सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओलसर राखावे. पाच-सहा दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस ७० टक्के उगवणशक्ती धरून केलेली असते. कोंब ६० आले, तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे. उत्तर ३५ किलो येते. उगवण याहून बरीच कमी असल्यास ते बियाणे पेरू नये. हे गणित ज्याला करता येते, त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येण्याचा एक धोका तरी टळतो. प्रौढ वर्गात गुणाकार-भागाकार शिकवावयाचे ते अशाच उदाहरणांवरून शिकवावेत.

आरोग्यातील उपयोग

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. संरक्षक साधने नव्हती, पीक डोक्याइतके वाढले होते, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती. केवळ अक्षरओळखीने हे सर्व टळले असते, असे म्हणता येणार नाही. तथापि डब्यावरील सूचना ज्याला समजतात, तो अधिक सावध राहू शकतो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम व हिरवा कमी विषारी. ही खूण निरक्षरालाही एका बैठकीत शिकविता येते. विषबाधा झाल्यास रोग्याबरोबर डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात न्यावी, हेही शिकवावे.

घरातही हेच लागू आहे. मुलाला जुलाब होत असता एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे व दवाखाना गाठावा. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. म्हणून आईला माप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गावाचा लाभ

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत पसरली. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होत असे. साक्षरता हे एकट्या शिक्षकाचे काम न राहता सर्व गावाच्या मानाची गोष्ट झाली, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होय.

आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्याचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथील साक्षरता वर्गांत स्त्रिया एकत्र बसू लागल्या, आपल्या संसाराच्या हालअपेष्टांविषयी बोलू लागल्या. दुबागुंटा गावच्या स्त्रियांनी गावातील दारूविक्री बंद पाडली. १९९२ मध्ये ही चळवळ इतरत्र पसरली व १९९३ मध्ये राज्य शासनाने अरक दारूवर बंदी घातली. चार माणसे शिकण्यासाठी नियमाने एकत्र आली की, गावाच्या प्रश्नांचा विचारही तेथेच सुरू होतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. वर्गाची वेळ व जागा गावकऱ्यांना विचारून ठरवावी. सुगीच्या दिवसांत वर्ग थोडा वेळच घ्यावा. स्त्रियांच्या सोयीची वेळ निराळी असू शकते.

२. सातबारा, बियाण्याची पिशवी, औषधाचा डबा, बँकेचे पासबुक व बाजारपट्टी ही वाचनाची पहिली पुस्तके समजावीत.

३. प्रौढाचा अनुभव आधी ऐकावा, मग नवी माहिती सांगावी. चुकले म्हणून कोणासही चारचौघांत हिणवू नये.

४. वर्ग संपल्यावर वाचन सुटले, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात. यासाठी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दररोज बाजारभाव व हवामान मोठ्या अक्षरांत लिहावे आणि नवसाक्षरांकडून ते आळीपाळीने वाचवून घ्यावे.

पेरणीपूर्वीचा महिना हा आरंभास उत्तम काळ होय. दहा शेतकरी जमवून प्रत्येकाच्या घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजावयास लावावेत. पहिला धडा तेथूनच सुरू करावा.