ट्रक घेण्याआधी परतीचं भाडं शोधा

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार. वसईच्या या पट्ट्यातल्या गाळ्यांमधून दिवसभर माल बाहेर पडत असतो आणि तो उचलायला दारात गाड्या उभ्या असतात. इथे वाढलेल्या मुलाने बारावी किंवा आयटीआय झाल्यावर ‘मला गाडी घेऊन द्या, मीच चालवतो’ असं म्हटलं, तर आईवडिलांनी दचकायचं कारण नाही. डोळ्यांसमोर जो धंदा दिसतो तोच त्याला सुचतो आहे. ‘ड्रायव्हरला मुलगी कोण देणार’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण त्याचं उत्तर करिअर मार्गदर्शनात नाही. ‘पैसे सुटतील का’ हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे.

तर हिशेब मांडू. आकडे मी उदाहरणादाखल धरतो आहे; तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. चौदा फुटी सहाचाकी गाडी, रस्त्यावर येईपर्यंत २० लाख. पदरचे ४ लाख, कर्ज १६ लाख, व्याज ११ टक्के, मुदत चार वर्षं. हप्ता बसतो महिना सुमारे ४१,३५० रुपये. गाडी महिन्याला ४,००० किलोमीटर धावली आणि लिटरमागे ७ किलोमीटर ॲव्हरेज मिळालं, तर ९० रुपये भावाने डिझेलचेच ५१,४०० होतात. टोल ९,०००. एक टायर १७,००० चा, सहा टायरांचा संच ६०,००० किलोमीटर टिकला असं धरलं, तर महिन्याची झीज ६,८००. ऑइल, डेफ, गॅरेज ६,०००. विमा ५,०००. टॅक्स, पासिंग, परमिट २,०००. हमाली, वाराई, जेवण, पार्किंग ८,०००. बेरीज १,२९,५५०.

भरलेल्या गाडीला किलोमीटरमागे ४० रुपये भाडं मिळालं असं समजू. मग नुसती तोंडमिळवणी व्हायलाच ३,२३९ किलोमीटर भरलेले हवेत. यात मुलाचा पगार कुठेच नाही. दुसऱ्याची गाडी चालवून त्याला २५,००० मिळाले असते, तेवढे त्याने स्वतःला द्यायचे म्हटले तर ४,००० पैकी ३,८६४ किलोमीटर गाडी भरून धावली पाहिजे. म्हणजे जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली, जवळपास प्रत्येक खेपेला. दहातले तीन किलोमीटर रिकामे गेले की महिन्याला साडेसतरा हजारांचा खड्डा पडतो, आणि तो पगार न घेता.

हप्त्यातून गाडीची किंमतच फिटत असते, ते सगळं वाया जात नाही, हे खरं. चार वर्षांनी हप्ता संपतो आणि तेव्हाच हातात पैसा दिसू लागतो. पण तोवर गाडीने दोन लाख किलोमीटरच्या आसपास मजल मारलेली असते. क्लच, पाटे, इंजिनाचं काम तेव्हाच निघतं. पासिंगही आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. त्यामुळे ‘गाडी फिटली की सगळा नफाच’ हे वाक्य शोरूममध्ये बोललं जातं तेवढं सोपं नाही.

वसईत बसून परतीचं भाडं कुठून मिळतं, ही या धंद्याची खरी परीक्षा. इथून माल चार दिशांना जातो: महामार्गाने वर वापी-सिल्वासा-सुरतकडे, चिंचोटी-कामणवरून भिवंडीच्या गोदामांत, घोडबंदरवरून ठाण्याकडे आणि पुढे उरणच्या बंदरात. वापी-सिल्वासाकडून येताना कारखान्यांचा माल मिळू शकतो. भिवंडीहून वसईकडे येणारा मालही असतो, पण त्यावर डोळा ठेवून बसलेल्या गाड्याही तितक्याच. ओळख नसलेला नवा मुलगा दलालाकडे जातो, दलाल दुसऱ्या दलालाकडून भाडं उचलतो, आणि मूळ पार्टीने दिलेल्या रकमेतून मधले दोघे आपापला वाटा काढून घेतात. मला विचाराल तर गाडी निवडायला लोक जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्मा जरी दोन पक्क्या पार्ट्या शोधण्यात घालवला तरी निम्मे बुडणारे वाचतील.

शिवाय वेळ. वर्सोवा पूल, गायमुखचा घाट, वसई फाटा, चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावरचे खड्डे यांची ओळख वसईकराला करून द्यायला नको. त्यात मुंबई-ठाण्यात अवजड गाड्यांच्या नो-एन्ट्रीच्या वेळा. दिवसात दोन खेपा होतील असं धरलेलं असतं आणि कोंडीमुळे एकच होते. डिझेल थोडं वाचतं, हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून वरच्या हिशेबातले ४,००० किलोमीटर इथल्या रस्त्यांवर खरंच होतात का, हे आधी दुसऱ्याच्या गाडीवर बसून पाहिलं पाहिजे.

उधारी हा गाडीमालकाचा जुना आजार आहे. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, बाकी पोहोच पावती परत आल्यावर. पावती गहाळ झाली किंवा माल ओला झाला म्हणून शेरा पडला की बाकी अडकली. इथे एक गोष्ट फार थोडे गाडीमालक वापरतात. उद्यम नोंदणी केली की सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं पार्टीवर बंधनकारक आहे. २०२३-२४ या वर्षापासून, मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेर थकलेली रक्कम पार्टीला आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पार्टीशी भांडणं परवडत नाही हे मान्य, पण तिच्या सीएला हा नियम माहीत असतो.

काही धोके मुलाच्या हातात नसतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरची भारमर्यादा वाढवली. दहाचाकी ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. तेवढाच माल वाहायला आता कमी गाड्या पुरणार होत्या, भाड्यांवर दबाव आला, आणि नुकतीच कर्जावर गाडी घेतलेल्यांचा हप्ता होता तिथेच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीन गाडी स्वस्त झाली, पण त्याआधी घेतलेल्या गाडीची बाजारातली किंमतही त्या मानाने उतरणारच. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतल्या ‘हिट अँड रन’ तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या थांबवल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, तेव्हा ती तरतूद बाजूला ठेवावी लागली.

एक धोका मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे: ‘दोन टन जास्त टाक, काही होत नाही.’ जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा कायदा आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

लायसन्सची वाट सरळ आहे. व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप या गाड्यांसाठी वेगळं अवजड लायसन्स लागत नाही. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. हप्ता लहान, रात्री घरी परत, वालीव-सातिवलीतल्या गाळ्यांशी थेट ओळख. पहिल्या गाडीसाठी मला हाच रस्ता बरा वाटतो, जरी पोर्टरसारख्या ॲपमुळे तिथलं भाडंही घासाघिशीचं झालं असलं तरी. त्याआधी दोन वर्षं पगारावर चालवलं तर आणखी उत्तम: डिझेल कुठे जातं, कोणती पार्टी पैसे बुडवते, हे दुसऱ्याच्या खर्चाने कळतं.

‘वाढवण बंदर येतंय, आताच गाडी घेतली पाहिजे’ असं सांगणारे हल्ली खूप भेटतात. बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. ७६,२२० कोटींचा प्रकल्प आहे, तो उभा राहायला वर्षं लागणार. त्याच वेळी मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मार्ग वसई तालुक्यातूनच उरणकडे जातो. उत्तरेचे लांबचे कंटेनर रेल्वेकडे वळले की ट्रककडे उरेल तो गोदामापासून दारापर्यंतचा छोट्या पल्ल्याचा माल. गाडी निवडताना हे लक्षात घ्या: बाराचाकीची हौस असेल, काम कदाचित चौदा फुटीचं निघेल.

आता आईवडिलांसाठी. मुलाला ४ लाख द्यायचे ठरवले असतील, तर ते सगळे डाउनपेमेंटमध्ये ओतू नका. गाडी एक पायरी लहान घ्या, पण सहा हप्त्यांची रक्कम बँकेत वेगळी ठेवा. पावसाळ्यात माल कमी झाला किंवा गाडी आठवडाभर गॅरेजला लागली तर तीच कामाला येईल. विम्याच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का आणि त्यावर वारस कोण आहे, हे स्वतः वाचा. जामीनदार म्हणून सही करताना तर दोनदा वाचा. तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली, तरी विषय संपत नाही. लिलावात जे येईल ते कर्जातून वजा होतं, उरलेली रक्कम कर्जदाराकडे आणि तुमच्याकडे मागितली जाते. म्हणून नालासोपाऱ्यातली खोली किंवा गावची जमीन या कर्जाला तारण लावू नका. मुलगा रागावला तरी चालेल. गाडीपुरतं कर्ज गाडीवरच मिळत नसेल, तर ती गाडी त्याच्यासाठी मोठी आहे.