नव्या उद्योगाचा धुरीण : मगनवाडीपासून घेण्याचा धडा

नवा धंदा भांडवलावर उभा राहतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. घरात पैसा असेल तर मुलाने दुकान काढावे, नसेल तर नोकरी पाहावी, असा विचार आमचे पुष्कळ पालक करतात. परंतु भांडवल म्हणजे जात्यात घातलेले धान्य होय. जाते ज्या खुंट्याभोवती फिरते तो खुंटा म्हणजे त्या धंद्याचा धुरीण. खुंटा ढिला असेल तर धान्य कितीही घाला, पीठ पडत नाही. हे तत्त्व पारखून पाहण्यास आम्हा वर्धेकरांना दूर जावयास नको. वर्धा शहरातील मगनवाडी हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे.

आमचा जिल्हा कापसाचा. येथला कापूस गाठींच्या रूपाने बाहेर जावा आणि त्याचेच कापड अधिक दाम मोजून आम्ही परत घ्यावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. तेल, कागद, गूळ, कातडे यांचीही तीच गत झाली होती. गावातले धंदे पुन्हा जिवंत करावेत, या हेतूने १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. शेठ जमनालाल बजाज यांनी आपली बाग व तेथील घर या कामासाठी दिले, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव मिळाले. संघास महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते, वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष होते. परंतु रोजच्या कामाची धुरा चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या खांद्यावर होती.

हे कुमारप्पा कोण? त्यांचा जन्म १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांनी लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची विद्या व अमेरिकेत अर्थशास्त्र संपादन केले, आणि मुंबईस चांगला चाललेला व्यवसाय सोडून ते लोककार्यात पडले. अशा मनुष्याने तेलघाणा आणि हातकागद यांत काय पाहिले असेल, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर त्यांच्या कामाच्या रीतीत सापडते. ती रीत आपण क्रमाने पाहू.

पहिला गुण हिशेबाचा. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. तेथील साहाय्यनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे सोपविण्यात आला होता. स्वयंसेवकांच्या रोजच्या खर्चास त्यांनी ठराविक मर्यादा घातली. पुढे खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितले. गांधीजींनी कारण विचारले, ते ऐकून घेतले आणि मानले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांकडे आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नव्या धंद्यात घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच पेटीत राहतो, पाहुणा आला की गल्ल्यात हात जातो, आणि वर्ष संपले तरी नफा झाला की तोटा हे मालकासही सांगता येत नाही. जो धुरीण वडीलधाऱ्यासही नियमाबाहेर पैसा देत नाही, त्याच्या हाताखालची माणसे न सांगता काटकसरी होतात.

दुसरा गुण प्रयोगाचा. मगनवाडीत भाषणांपेक्षा घाण्याचा आवाज अधिक ऐकू येई. तेथे झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्याचे दोष शोधून त्यात सुधारणा केल्या. तो सुधारलेला घाणा पुढे ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. हातकागद, मधमाशांचे पालन, हातसडीचे तांदूळ, ताडगूळ अशा अनेक धंद्यांचे प्रयोग संघाने हाती घेतले. आधी स्वतः करून पाहावे, खर्च मांडावा, मग दुसऱ्यास सांगावे, असा हा क्रम होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय याच दृष्टीने उभारले गेले. खेड्यातील मनुष्याने वस्तू आणि अवजार डोळ्यांनी पाहावे व मगच विश्वास ठेवावा, हा त्यातील हेतू.

तिसरा गुण माणसे घडविण्याचा. संघाने ग्रामसेवकांसाठी विद्यालय चालविले. तेथे शिकलेला तरुण आपल्या गावी जाऊन धंदा उभा करी. सर्व विद्या आपल्यापाशी ठेवणारा मालक आजारी पडला की दुकान बंद पडते. ज्याने चार जण तयार केले, त्याचा धंदा त्याच्या पश्चातही चालतो.

चौथा गुण धीराचा, आणि त्यासाठी आपण क्षणभर जिल्ह्याबाहेर पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तथापि औंध संस्थानच्या अधिपतींचे साहाय्य घेऊन त्यांनी १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगर न खपल्याबद्दल ते शेतकऱ्यास दोष देत बसले नाहीत; माल सुधारीत राहिले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नेता चांगला असला म्हणजे सर्व काही साधते, असे नाही. गिरणीच्या स्वस्त तेलापुढे बहुतेक गावांतील घाणे बंद पडले. कुमारप्पांचे सर्व मनोरथ सिद्धीस गेले नाहीत. ३० जानेवारी १९६० रोजी ते निवर्तले. परंतु १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कामाचा पाया बऱ्याच अंशी मगनवाडीत घातला गेला होता, आणि मगनवाडीच्या परिसरात आजही ग्रामीण उद्योगांविषयी संशोधन चालते. वारा प्रतिकूल असला तर उत्तम नावाडीही उशिरा पोहोचतो. परंतु नावाडीच नसेल तर अनुकूल वाराही नावेस खडकावर नेतो.

यावरून आपण काय घ्यावे? विद्यार्थ्यांनी आतापासूनच आपल्या वर्गाच्या सहलीचा किंवा संमेलनाचा हिशेब पैपैने लिहून तो सर्वांसमोर वाचण्याची सवय लावावी. धुरीणत्वाचे पहिले शिक्षण तेथेच मिळते. पालकांना आमची विनंती अशी की, मुलगा अथवा मुलगी धंदा करू म्हणेल, तेव्हा प्रथम पैसा किती लागेल हे विचारू नये. तू हे काम स्वतःच्या हाताने करून पाहिलेस काय, त्याचा खर्च मांडलास काय, आणि तुझ्याबरोबर कोण शिकत आहे, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांची उत्तरे समाधानकारक आली, तर थोड्या भांडवलावरही भरवसा ठेवण्यास हरकत नाही. न आली, तर पुष्कळ भांडवलही हातचे राखून ठेवणेच शहाणपणाचे होय.