खाडाखोडीवरची सही आता कुणासाठी?

चेक लिहिताना चूक झाली की आपला हात न विचारता एकच काम करतो. चुकलेल्या शब्दावर रेघ, त्याच्या डोक्यावर बरोबर शब्द आणि शेजारी पूर्ण सही. वडील तसं करायचे, सोसायटीचे खजिनदार तसं सांगायचे, बँकेतली मंडळीही 'इथे फक्त सही करा' म्हणत चेक परत सरकवायची. माझं म्हणणं असं की ही सवय आता मोडावी. चुकलेला चेक दुरुस्त करू नये, रद्द करावा. बँका फार काटेकोर झाल्या म्हणून मी हे म्हणत नाही. ती सही ज्या माणसाला उद्देशून केली जात होती, तो माणूस चेकच्या वाटेवर उरलेला नाही, हे माझं कारण.

पूर्वी क्लिअरिंगमध्ये चेकचा कागद स्वतः प्रवास करायचा आणि शेवटी तुमच्याच शाखेत, तुमचं सहीचं कार्ड जवळ असलेल्या माणसापुढे पडायचा. खाडाखोड दिसली तर तो कागद उजेडात धरून शाई बघायचा, शंका आली तर फोन करायचा. चेक ट्रंकेशन सिस्टीम, म्हणजे सीटीएस, दिल्लीत फेब्रुवारी २००८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, पुढे चेन्नईत आणि मग २०१३ साली मुंबईत. २०२१ मध्ये देशभरच्या शाखा तिच्या कक्षेत आणल्या गेल्या. या पद्धतीत चेक जिथे भरला त्या बँकेतच कागद थांबतो आणि पुढे जाते ती त्याची प्रतिमा. पैसे द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्याला पडद्यावर राखाडी आणि काळ्या-पांढऱ्या छटा दिसतात. निळ्या शाईवर काळी शाई फिरली आहे का, कागद खरवडला आहे का, हे त्याला कळायला मार्ग नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर घड्याळही धावू लागलं आहे. ठरलेल्या वेळेत सादर झालेल्या चेकबद्दल त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही कळवायचं, न कळवल्यास चेक मंजूर धरला जातो. एवढ्या घाईत तुमच्या खाडाखोडीसाठी फोन करायला कुणाला फुरसत असणार?

प्रतिमेवरून खाडाखोड पारखता येत नाही, हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने २०१० साली नियम केला, आणि १ डिसेंबर २०१० पासून तो लागू झाला. सीटीएसमधून जाणाऱ्या चेकवर पैसे घेणाऱ्याचं नाव, अंकी रक्कम किंवा अक्षरी रक्कम यांत कोणताही बदल चालणार नाही, त्यासाठी नवा चेक लिहावा. सूट एकच, मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेल्या दुरुस्तीची. यावर कायदा जाणणारा माणूस हरकत घेईल. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम ८७ नुसार महत्त्वाच्या बदलामुळे चेक निरर्थक ठरतो तो त्या बदलाला संमती नसलेल्या पक्षापुरता, मग चेक लिहिणाऱ्याने स्वतः सही करून केलेला बदल अवैध कसा? हरकत बरोबर आहे, पण ती कोर्टातली आहे. बँकेचा प्रश्न चेक वैध आहे का एवढाच नसतो, तो क्लिअरिंगच्या नियमात बसतो का हाही असतो. कायद्याने धडधाकट असलेला चेकही परत येऊ शकतो, आणि परत आल्याचं शुल्क कापलं जाताना कुणी कलम ८७ विचारत नाही. दुसरी हरकत अनुभवाची असते: 'आमचा खाडाखोडीचा चेक गेल्याच महिन्यात वटला.' वटला असेल. पडद्यावर ती दिसलीच नसेल, किंवा काउंटरवर रोख काढली असेल, जिथे हा नियम लागू नाही. नशिबाने सुटणं आणि नियमात असणं यांत फरक आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो रकमेत. अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर त्याच अधिनियमाचं कलम १८ म्हणतं की अक्षरी रक्कम खरी धरावी. हे वाक्य बऱ्याच जणांना पाठ असतं आणि त्याच्या भरवशावर ते चुकलेला चेक तसाच देऊन टाकतात. पण हे कलम वाद मिटवण्यासाठी आहे. 'अंकी व अक्षरी रकमेत तफावत' हे चेक परत करण्याचं मान्य कारण आहे आणि बँका ते वापरतात. मराठीत चेक लिहिणाऱ्यांनी तर इथे जास्तच जपायला हवं. चेक हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो, आणि तो हक्क जरूर वापरावा. मात्र आपली संख्यानामं फसवी आहेत. एकोणसाठ ऐकलं की हात ५९ ऐवजी ६९ लिहायला धावतो, कारण शब्दात साठ ऐकू येतात. पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव यांत घाईच्या अक्षरात फरक राहत नाही. देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, म्हणून एकाच चेकवर दोन्ही लिप्यांचे अंक मिसळणं म्हणजे संकटाला आवतण. दीड लाख, अडीच हजार हे बोलायला झकास, चेकवर 'एक लाख पन्नास हजार' असंच लिहावं. माझी पद्धत सुचवतो: आधी अक्षरी रक्कम लिहावी, मग ती वाचून त्यावरून अंक लिहावेत. उलट केलं तर डोळा आधीच्या अंकांवर विसंबतो आणि शब्द तपासलेच जात नाहीत.

तारखेची चूक जानेवारीत हमखास होते. हात जुनं वर्ष लिहितो आणि चेक एका फटक्यात वर्षभर शिळा होतो. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहाऐवजी तीन महिने आहे, त्यामुळे जुन्या वर्षाचा चेक परत येणारच. तारखेला नियमात सूट आहे हे खरं, तरी नवं पान हाताशी असेल तर मी त्या सुटीच्या वाटेला जाणार नाही. परगावी किंवा परदेशी गेलेल्या माणसाला मुदत वाढवून द्यायची असेल तेव्हा ती कामाची. (जाता जाता: शके पद्धतीची तारीखही बँकांनी स्वीकारावी असा निर्देश आहे. पण आठ चौकटींत १९४७ हे वर्ष बघून पडद्यापुढच्या माणसाचं काय होईल, याचा विचार करूनच हा हक्क बजावावा.) नावाबद्दल एवढंच, की बँक खात्यावर जे नाव आहे ते विचारून घ्यावं. माहेरचं की सासरचं, आणि 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' यातलं किती, हे अंदाजाने लिहू नये.

'एका चुकलेल्या अक्षरासाठी अख्खं पान फुकट घालवायचं?' ही तक्रार काही अगदीच पोकळ नाही. बचत खात्यावर फुकट मिळणारी पानं मोजकी असतात, पुढच्या चेकबुकाला पैसे पडतात, शिवाय ते यायला दिवस लागतात. पण एका पानाची किंमत आणि परत आलेल्या चेकचा दोन्ही बाजूंचा भुर्दंड यांची तुलना करून बघा. खर्च दुरुस्तीतच जास्त आहे. रद्द करणं मात्र नीट करावं. चेकवर आडव्या दोन रेघा मारून मध्ये ठळक 'रद्द' लिहावं. सही आधीच झाली असेल तर ती आणि तळाची चुंबकीय अंकांची पट्टी फाडून नष्ट करावी. सही नसेल तर तोच रद्द चेक खात्याचा पुरावा म्हणून पुढे कामाला येतो. चेकचा क्रमांक नोंदीच्या पानावर लिहावा. ५० हजार किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी पॉझिटिव्ह पे मध्ये, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच देण्याच्या सोयीत, तपशील कळवला असेल, तर नव्या चेकचा नवा क्रमांक पुन्हा कळवायला विसरू नये. नाहीतर चेक बिनचूक असूनही बँकेकडे जुळणारी माहिती नसेल.

चूक लक्षात येईपर्यंत चेक दुसऱ्याच्या हाती गेला असेल तर क्रम महत्त्वाचा. जुना चेक परत घ्यावा आणि मगच नवा द्यावा. दोन्ही एकाच्या हाती राहिले तर दोन्ही भरले जाण्याचा धोका तुमचा. जुना मिळत नसेल तर बँकेला लेखी कळवून पैसे देणं थांबवावं, पण समोरच्यालाही त्याच दिवशी कारण लेखी सांगावं. पैसे देणं थांबवलं की चेक न वटल्याबद्दल शिक्षा सांगणाऱ्या कलम १३८ चा ससेमिरा सुटतो, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मोदी सिमेंट्सच्या खटल्यात तो फेटाळला आहे. सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेकही त्या कलमाखाली येऊ शकतो, असं २०१२ साली लक्ष्मी डायकेमच्या निकालात म्हटलं आहे. म्हणजे बिघडलेली सही गिरवून वेळ मारून नेणं ही सर्वांत महागडी दुरुस्ती.

चूक न वाटणाऱ्या चुका याहून वाईट. अक्षरी ओळीत 'पाच हजार'च्या आधी सोडलेली जागा म्हणजे 'एक लाख' लिहायला दिलेलं आमंत्रण. दुसऱ्याने पुढे केलेलं पेन, ज्याची शाई उष्णतेने उडून जाते. आणि पतपेढीच्या टेबलावर सही करून ठेवलेला कोरा चेक, जो दुसऱ्याने भरला तरी त्यामागे देणं आहे असंच आधी गृहीत धरलं जातं. बीर सिंग खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. 'आता सगळं यूपीआयवर, चेक लिहितो कोण?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं, की म्हणूनच चुका वाढतात. वर्षाला शंभर चेक लिहिणाऱ्याचा हात बसलेला असतो. घराचा इसार, शाळेची अनामत, सोसायटीची थकबाकी अशा मोजक्या मोठ्या प्रसंगी चेक लिहिणाऱ्याचा तो बसत नाही, आणि रक्कम मात्र मोठी असते.

पुढचा चेक लिहायला बसाल तेव्हा पेन स्वतःचं घ्या आणि सही सर्वांत शेवटी करा.